धंदा सुतारकाम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम (आजवर प्रत्येक कागदावर या जागी ‘घरकाम’ लिहिलं गेलं, आज पेन माझ्या हातात आहे), डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की :

१. खालचं दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला. थोरले बंधू म्हणतात, घर परक्या घराण्यात जाईल. जाऊ दे. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा बंधू कचेरीत चिकटले होते आणि एका गिऱ्हाइकाचं दार अर्धवट पडलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ते मी पुरं केलं. वडिलांनी अंथरुणावरून गिऱ्हाइकाला सांगितलं, “माझ्याच हातचं आहे.” पुढे अकरा वर्षं माझं प्रत्येक काम त्यांच्याच हातचं ठरलं. शेवटी त्यांनी घर माझ्या नावे केलं, पण ते वाक्य मागे घेतलं नाही. ते मी इथे खोडते. ती कामं माझी आहेत.

२. आईने जन्मभर आमच्या लाकडाला पॉलिश केलं. तिला कोणी कारागीर म्हटलं नाही, तिने स्वतःही नाही. तिने पॉलिश केलेलं कपाट माझ्या नातीला. त्यात पुस्तकं ठेवावीत की चपला, तिची मर्जी. तिच्या लग्नासाठी म्हणून ते राखून ठेवू नये.

३. स्वयंपाकघरातली सर्व भांडी जावयांना. मुलगी बस चालवते, घर ते सांभाळतात. बंधू त्यांना हसतात. जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

४. करवती, रंधे, पटाशा वगैरे हत्यारे. मुलगी बारा वर्षांची असताना म्हणाली होती, “आई, मला शिकव ना.” मी म्हणाले, “हात राठ होतील, मग स्थळं कशी येणार?” माझ्या आईने मला हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मुलीने ऐकलं. हा दोष सर्वस्वी माझा.

गेल्या आठवड्यात मी तिला विचारलं, “शिकतेस?”

“आता? सेहेचाळिसाव्या वर्षी?”

“सुट्टी कधी असते तुला?”

तिने टेबलावरचा रंधा उचलून पाहिला. मग म्हणाली, “सोमवारी.”

सबब हत्यारे तिची. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या सोमवारी सकाळपासून लागू.

सही : (सुतार)

साक्षीदार : १. शेजारची शिंपीण. २. मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई.
बंधूंनाही बोलावलं होतं. “असल्या कागदावर मी सही करणार नाही,” म्हणाले. त्यांच्यासाठी जागा सोडलेली नाही.

स्थळ : दुकानातलं कामाचं टेबल
शुक्रवार, ता. ९ मे