खुराड्यासमोरची शिकवणी

प्रताप नगर, नागपूर
रविवार, ११ जानेवारी १९७६

प्रिय तारा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. आपल्या मागच्या खोलीतल्या कांताबाईची प्रेमिला आता नर्स आहे आणि लस टोचायला सावनेरला घरोघरी फिरते. उद्या ती तुझ्या हातात हे देईल. आलेलं प्रत्येक पत्र तुझ्या सासूबाई आधी वाचतात हे तू कधी लिहिलं नाहीस, पण तुझी पत्रं इतकी जपून लिहिलेली असतात की मला ते कळतं. वाचून झालं की चुलीत टाक.

वाईट बातमी आधी सांगते. भुरा गेला. गुरुवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात. तू त्या कुत्र्याच्या पिल्लाला रस्त्यावरून फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आली असतीस तर मी समजू शकले असते, पण तू एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतीस आणि साडीच्या पदरात घेऊन आलीस. मी तेव्हा तुला रागावले होते. लग्न होऊन तू सावनेरला गेलीस आणि तो माझ्याकडे राहिला. पहिले आठ दिवस तो फाटकाशी बसून होता. मीही फारशी वेगळी नव्हते, पण मला बसून राहायची सवय नाही.

तू गेल्यावर महिन्याभरातच त्याने कांताबाईचं एक पिल्लू मारलं. तिच्या कोंबड्या तुला आठवत असतील. मागच्या खोलीपासून विहिरीपर्यंत त्यांचंच राज्य असतं, संध्याकाळ झाली की आपोआप खुराड्यात जातात. कांताबाई म्हणाली, "बाई, कुत्र्याले बांधून ठेवा, नाही तर मी कोंबड्या कोंडून ठेवते." मला दोन्ही पसंत नव्हतं. दिवसभर साखळीला बांधलेलं जनावर मला बघवत नाही, आणि मोकळ्या कोंबड्या कोंडल्या की त्या एकमेकींना टोचतात. मी अठ्ठावीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. वर्गात नाही नाही म्हणणाऱ्या मुलींकडून मी वर्गसमीकरणं सोडवून घेतली आहेत. एका कुत्र्याला शिकवता येणार नाही, हे मी मान्य करणं शक्यच नव्हतं.

रोज सकाळी चहा झाला की मी पट्टा लावून त्याला खुराड्यासमोर बसवायची. कांताबाई कणी टाकायची, कोंबड्या त्याच्या नाकासमोर टिपत फिरायच्या. तो उठला की नाकावर शाळेतल्या लाकडी पट्टीचा एक फटका. बसून राहिला की भाकरीचा तुकडा. कांताबाई हसायची. "बाई, याले मॅट्रिकले बसवता का?" मी म्हणायची, बसवीन आणि पहिल्या वर्गात पास करीन. दीड महिन्यात तो कोंबड्यांच्या घोळक्यात स्वस्थ बसायला लागला. पण एक अडचण उरली. घार दिसली किंवा कशाला बिचकल्या, की कोंबड्या ओरडत फडफडत पळायच्या, आणि तेव्हा त्याचं अंग ताठ व्हायचं. कुत्र्याच्या रक्तात असतं ते. म्हणून मी पुढचा धडा घेतला. कांताबाईला पोतं झटकायला लावून मी मुद्दाम कोंबड्यांची दाणादाण उडवायची आणि त्याला हुकूम करायची, "खाली!" ओरडा झाला की पोट जमिनीला, मान पंजांवर, डोळे माझ्याकडे. मी पुरे म्हणेपर्यंत हलायचं नाही. चार महिने रोज. शेवटी हुकमाचीही गरज उरली नाही. कोंबड्या ओरडल्या की तो आपोआप आडवा व्हायचा. पिल्लं त्याच्या पाठीवर चढून बसायची. शेजारची माणसं बघायला यायची आणि मी व्हरांड्यात उभी राहून ती कशी थक्क होतात ते बघायची. मला त्या कुत्र्याचा जितका अभिमान वाटला, तितका फार थोड्या गोष्टींचा वाटला आहे.

मागच्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरून तीन भटकी कुत्री कुंपणाच्या तारेखालून आत शिरली. मी विहिरीपाशी कपडे पिळत होते. कोंबड्यांचा एकच कल्लोळ झाला. मी वळून पाहिलं तर भुरा खुराड्यासमोर जमिनीला पोट लावून पडला होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी कोंबड्या उचलल्या जात होत्या. पिसं उडत होती. तो थरथरत होता, तारा, कानापासून शेपटीपर्यंत, पण हलत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी ओरडले, "भुरा!" माझा आवाज घाबरून चढला होता आणि चढलेल्या आवाजाचा त्याला एकच अर्थ माहीत होता. त्याने मान आणखी खाली घातली. मग त्यांतल्या एकाने त्याची मान धरली. तो अंगाने त्या तिघांनाही पुरून उरला असता. मी बादली घेऊन धावले, पण माझे गुडघे आता धावण्याचे राहिलेले नाहीत. मी पोहोचेपर्यंत कुत्री पळाली होती आणि तो तसाच, शिकवलेल्या जागी, शिकवलेल्या पद्धतीने पडला होता. मी पुरे म्हणाले. तेव्हा त्याने उठायचा प्रयत्न केला.

जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. दोन दिवस तो जगला.

कांताबाईच्या सात कोंबड्या गेल्या. मी तिला म्हटलं, तुझं नुकसान मी भरून देईन. ती भुऱ्याच्या अंगावरचं रक्त पुसत होती. मला वाटलं, ती कोंबड्यांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "कोंबड्या काय, आणखी घेईन मी. पण बाई, हे काय शिकवलं वं तुमी त्याले? तो मरून राहिला होता अन् तुमच्याकडं पाहून राहिला होता. सोताच्या जिवासाठी बी उठू नोको, असं काहून शिकवलं?"

त्या दिवसापासून मला झोप लागत नाही आणि मी रोज तुझा विचार करते. मी तुझी तुलना कुत्र्याशी करत नाही, तसा अर्थ घेऊ नकोस. मी माझी तुलना माझ्याशीच करते आहे.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या आधी तुझं एक पत्र आलं होतं. तू कुणाच्या तरी हाती ते टाकलं असशील, कारण त्यात पहिल्यांदाच खरं लिहिलं होतं. "केशव चिडले की हात उचलतात, एकदा पितळी तांब्या फेकून मारला, मी काही दिवस तिकडे येऊ का?" इतकंच. मी पाच ओळींचं उत्तर पाठवलं. मला ते तोंडपाठ आहे. "संसारात असे प्रसंग येतात. तू सुशिक्षित आहेस, उलट बोलू नकोस. त्यांचा राग चढला की शांत बसावं, राग आपोआप उतरतो. घर सोडून येण्याचा विचारही मनात आणू नकोस. तुझ्या बाबांना ते आवडलं नसतं." तुझे बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मला जे वाटत होतं ते मी त्यांच्या नावावर खपवलं. खरं सांगते, ते असते तर दुसऱ्या दिवशी सावनेरच्या गाडीत बसले असते.

त्यानंतर तुझी सगळी पत्रं "इकडे सर्व ठीक आहे" अशी आली आणि मी निश्चिंत झाले. बाबांच्या श्राद्धाला तुम्ही दोघं आलात. एवढ्या उकाड्यात तू लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. चहा गार झाला म्हणून केशवचा आवाज चढला, आणि तू हातातली ताटली खाली ठेवलीस, जमिनीवर बसलीस आणि मान खाली घालून बसून राहिलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, माझी मुलगी शिकली. मला बरं वाटलं, तारा. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला आहे, पण ते लिहिल्याशिवाय बाकीच्या पत्राला काही अर्थ नाही.

प्रेमिला सहा वर्षांपूर्वी कुहीला नांदत होती, तेव्हाची गोष्ट तू विसरली नसशील. नवरा मारतो हे कळल्यावर कांताबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. मी कांताबाईला बोलावून शहाणपण शिकवलं होतं, की महिन्याभराने परत पाठव, नाही तर मुलीचं आयुष्य वाया जाईल. ती मला म्हणाली, "पोरगी हाय बाई, पार्सल नाई वापस पाठवाले." मला तिचा राग आला होता. चौथी शिकलेली बाई मला उत्तर देते म्हणून. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या वर्गात तीनच मुली होत्या, आणि त्या पदवीचा मी आयुष्यभर जो तोरा मिरवला, तो तुझ्या काही कामाला आला नाही. प्रेमिलाला तिच्या आईने उठायला सांगितलं. मी तुला खाली बसायला सांगितलं.

आता मी हे का लिहिते ते ऐक. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने मी सावनेरला येते आहे. कांताबाई सोबत आहे, मी न सांगता ती स्वतःहून निघाली. त्या दिवशी संक्रांत आहे. विधवेने संक्रांतीला कुणाच्या दारात जाऊ नये म्हणतात, म्हणोत. मी तिळगूळ घेऊन येत नाही, तुला घ्यायला येते आहे. तू आधी काही बांधाबांध करू नकोस, कुणाला कळू देऊ नकोस. केशवशी आणि तुझ्या सासूबाईंशी मी बोलेन. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, आजवर ती चिंता माझीच होती, तुझी नव्हती. तुला एकही शब्द बोलावा लागणार नाही. पण त्या घरातून निघताना तुला ओरडावंसं वाटलं, काही उचलून फेकावंसं वाटलं, तर थांबू नकोस. पाच ओळींच्या त्या पत्राबद्दल माझ्यावर ओरडावंसं वाटलं, तर तेही सगळ्यांसमोर कर. मी मान खाली घालून ऐकेन. आणि बुधवारपर्यंत त्याने हात उचलला, तर शांत बसू नकोस. आईने सांगितलं आहे म्हणून नाही. तुझा जीव तुझा आहे म्हणून.

तुझीच, आणि आता फक्त तुझ्याच बाजूची,
आई