उन्हातली घंटा

प्रिय नानय,

शाळेत, तिसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर बसून लिहितेय. दुपारचे दोन वाजलेत, बाहेर कडक ऊन आहे आणि सकाळपासून आपल्या गावाला वादळाचा दोन नंबरचा इशारा लागलाय. तू आई आहेस, तिकडे हाँगकाँगला बातम्या बघून घाबरशील, म्हणून आधी हेच सांगते: किनाऱ्यावरची घरं रिकामी झाली. मी दोनदा मोजली. आपलं छप्पर अबाकाच्या वाखाच्या दोरांनी चारी कोपऱ्यांना खुंट्यांशी बांधलंय, तांदूळ आणि कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बरोबर घेतलीत. डुकरीणसुद्धा शाळेच्या मागे आणून बांधलीय. तातयचा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. हाड जुळतंय, पण ते पुन्हा होडीत उभे राहतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

आकडे मला तातयनीच शिकवले, शाळेत जायच्याही आधी, आम्ही बापलेक जाळं विणत बसायचो तेव्हा. आकडा आजच्या आभाळाचा नसतो, येणाऱ्या वाऱ्याचा असतो. एक लागला की छत्तीस तासांत वारा, दोन लागला की चोवीस, तीनला अठराच. आणि आकडा फक्त वाऱ्याचा. समुद्र किती चढेल ते वेगळं सांगतात, तेही ऐकायचं. गावात मात्र सगळे दाराबाहेर डोकं काढून आकडा तपासतात. ऊन दिसलं की आकडा खोटा. तुला ठाऊक आहेच, एक नंबरची घंटा झाली की छोट्या होड्या पाण्यात जायच्या नाहीत, दोनची झाली की किनारा सोडून शाळेत यायचं, आणि पंचायतीत लागल्यापासून ती घंटा वाजवणं माझं काम आहे.

सप्टेंबरमध्ये मी ती वाजवली होती. वादळ वरच्या वर उत्तरेला वळलं. दोन दिवस होड्या वाळूत आणि डोक्यावर लख्ख ऊन. आपला थट्टेखोर मानोय बर्तो पंचायतीसमोर मुद्दाम मासे वाळत घालून बसला. "रेमी, तुझं वादळ भारी गं! मासे कसे कुरकुरीत झालेत बघ. पुढच्या आठवड्यातपण एक पाठव!" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडले. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांच्या चुलीवर मासा नव्हता, ते मला दिसत होतं.

मग ऑक्टोबरची ती सकाळ. आठ वाजता फोनवर इशारा आला, एक नंबर. मी दोरी हातात घेतली आणि बाहेर बघितलं. समुद्र नुसता आरशासारखा. मला मानोय बर्तोचे मासे आठवले. म्हटलं, पुढची बातमी येऊ दे, खात्री करून घेऊ. नानय, मी आयुष्यात पहिल्यांदा आभाळाकडे बघून आकडा तपासला. नऊला घंटा वाजवली.

त्या एका तासात एकच होडी गेली. तातय वाळूवर बसून घंटेची वाट बघत होते. आदल्या रात्री रेडिओवर त्यांनी वादळाचं ऐकलं होतं, पण साडेआठपर्यंत घंटा झाली नाही, तेव्हा ते शेजाऱ्याला म्हणाले, "माझी रेमी असताना उशीर व्हायचा नाही. म्हणजे मोकळं आहे." आणि खेकड्यांचे पिंजरे काढायला बेटाच्या टोकापलीकडे गेले. तिथे घंटा ऐकू जात नाही. वारा यायच्या कितीतरी आधी लाटा येतात. परत येताना होडी खडकावर आपटली आणि त्यांचा पाय मध्ये सापडला.

मी राजीनामा लिहून पंचायतीत कपितानना द्यायला निघाले होते. तातयनी तो वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. आता जा, घंटेची दोरी कुजलीय, बदलून ये."

काल एक नंबर लागला तेव्हा मी थांबले नाही. आज सकाळी दोन लागला, तेव्हाही नाही. घंटा झाल्यावर दारादारांत माणसं उभी, आभाळाकडे बघणारी. कुणी हलेना. तेवढ्यात आपल्या गल्लीतून तातय निघाले, बांबूच्या खुर्चीत बसून, चौघांच्या खांद्यावर, भर उन्हात रेनकोट घालून! ओरडत होते, "ए बर्तो, तुझे मासे उचल, नाहीतर पुढच्या बेटावर जाऊन शोधावे लागतील! हसा, हसा, पण चालता चालता हसा!" लोक हसले आणि खरंच चालायला लागले. मानोय बर्तोने एका खांद्यावर माशांची टोपली घेतली आणि दुसरा खांदा तातयच्या खुर्चीला दिला.

आता ते माझ्या बाकाशेजारी घोरतायत, म्हणून लिहायला जमतंय. फोनवर बोलता येत नाही, ते कायम शेजारी असतात. समुद्र मोकळा झाला की शेजारची सेला तिकडे कामावर यायला निघेल, तिच्याकडे हे पत्र देईन. तातयनी तुला सांगितलंय की ते छप्पर शाकारताना शिडीवरून पडले. कपितानना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्यांनी तेच बोलायला लावलंय. मी गप्प राहिले. दर रविवारी तू फोनवर त्यांना शिडीवरून रागावतेस, ते मुकाट ऐकून घेतात आणि माझ्याकडे बघून डोळा मारतात. मला ते आणखी सोसवत नाही. चूक माझी होती, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. माझ्यावर काय रागवायचं ते रागाव, मी ऐकेन. पण नानय, रविवारी त्यांना मात्र शिडीचंच विचार.

तुझीच,
रेमी