कचरागाडीचा केक

१० जानेवारी, शनिवार
पुढच्या शनिवारी संहिता सहा वर्षांची होते. केक मीच करणार. थीम पक्की: कचरागाडी. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ती फाटकावर जाऊन हात हलवायची. जूनपासून ती आणि पूर्णिमा विजय नगरला, पूर्णिमाच्या भावाकडे असतात. तात्पुरती व्यवस्था. पूर्णिमा फोनवर म्हणाली, वाढदिवस नीट पार पडला तर ती रात्र संहिता तुझ्याकडे राहील, मग दर शनिवारचं बघू. म्हणजे झालंच.

१२ जानेवारी, सोमवार
चार व्हिडिओ पाहिले. अवघड काही नाही. ओव्हन नाही, पण कुकरमध्ये होतो. ग्राफ पेपरवर गाडीचं ड्रॉइंग काढलं. इंजिनिअर असल्याचा फायदा. हिरवा कप्पा ओल्याचा, निळा सुक्याचा. जेवण राहिलं. भूकही नव्हती.

१४ जानेवारी, बुधवार
ट्रायल. कुकरचं रबर काढायचं विसरलो, जळालं. वासानं शेजारच्या शालिनीकाकू आल्या. म्हणाल्या, अरे देवदत्त, कम से कम पोरीला विचारून तर घे कसला केक हवा. विचारायचं काय? बाप आहे मी. संक्रांतीचे तिळाचे लाडू देऊन गेल्या. त्यातले दोन केकसाठी वेगळे ठेवले. हेडलाइट.

१६ जानेवारी, शुक्रवार
हाफ डे टाकला. पलासियाहून रंग आणि क्रीम आणलं. काकूंच्या कुकरमध्ये केक झाला. मधे बसला. पण गाडीलाही मधे खड्डाच असतो, त्यामुळे हे डिझाइनमध्येच धरलं. निळा कप्पा हिरव्यात उतरतोय. एकूण एकोणीस टूथपिक लावून आधार दिला. संहिताच्या पलंगावर नवी चादर घातली.

१७ जानेवारी, शनिवार, दुपारी ४
तयार. चाकं क्रीम बिस्किटांची. मागचं डावं सोडलं तर सगळी जागेवर. उगाच लोक बेकरीत जातात.

संध्याकाळी ७.४०
पाचला दोघी आल्या. संहितानं बराच वेळ केककडे बघून विचारलं, बाबा, हा मगरमच्छ आहे का? मी कचरागाडी म्हटलं. ती म्हणाली, ते तर मी छोटी होते तेव्हा आवडायचं. आता तिला ग्रह आवडतात. कधीपासून, ते विचारलं नाही.
एक हेडलाइट आवडीनं खाल्ला. केकच्या दुसऱ्या घासाला हिरडीत टूथपिक टोचली. थोडं रक्त. रडली. पूर्णिमा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आज घेऊन जाते हिला. शनिवारचं काही बोलली नाही.
बाकी कार्यक्रम छान झाला. मला तसं काही वाटलं नाही. दिवे बंद करायचे राहिलेत.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी ७.२०
चादरीला सुरकुतीही नाही, धुवायला नको. तेवढंच एक काम वाचलं.
गाडी आली. केक घेऊन खाली गेलो. गाडीवाल्यानं बघताक्षणी ओळखलं. म्हणाला, अरे भिया, ये तो अपनी गाड़ी है! मोबाइलवर फोटो काढला. मग म्हणाला, केक गीले में, काड़ी सूखे में. फाटकाशी उभं राहून काड्या वेचल्या. अठरा निघाल्या.
त्यानं विचारलं, गुड़िया आजकल दिखती नहीं?
मी म्हटलं, ऊपर सो रही है.
त्यानं मान डोलावली आणि तिची झोप मोडू नये म्हणून गाणं बंद केलं. वळणापर्यंत गाडी तशीच गेली.