पेशींचा शेजार

४ नोव्हेंबर, धुळे
चाळीसगावहून सकाळच्या गाडीने आले. देवपुरात खोली मिळाली. घरमालकीण लिलाबाई अक्कांनी पहिल्याच दिवशी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. प्रयोगशाळा स्वच्छ, भरपूर उजेडाची. काम स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं. प्रयोगशाळेचे प्रमुख नवल सर, त्यांनी समजावलं, की या गाठीत कॅन्सरपेशी थोड्याच असतात, बाकी सगळ्या भोवतालच्या साध्या पेशी. त्याच फितूर होतात, गाठीला पोसतात, भोवती चिवट कवच बांधतात, औषध आत जाऊ देत नाहीत. ते कवच फोडायचं कसं, हे आम्ही शोधायचं. सोबत दीपमाला आहे, साक्रीकडची. मनमोकळी वाटली.

२१ नोव्हेंबर
माझ्या काचेच्या बशीत कॅन्सरपेशी वाढतच नाहीत. दीपमालाच्या वाढतात. ज्या पेशंटच्या कॅन्सरपेशी, त्याच्याच गाठीभोवतालच्या पेशी तिने शेजारी लावल्यात. मी मागितल्या तर म्हणाली, थोड्याच उरल्यात. सर दिवसभर तिच्याच सूक्ष्मदर्शकाशी. दुपारी तिने डब्यातली शेवभाजी मला वाढली. मी ती तशीच ठेवली.

२ डिसेंबर
पुण्याच्या परिषदेला दीपमाला जाणार.
आज सगळे जेवायला गेल्यावर डाव्या हाताची त्वचा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढला. माझ्याच पेशी शेजारी लावणार. सरांना सांगितलं, नमुना बाहेरून मागवलाय.

६ जानेवारी
वाढ अफाट. कवच असं, की औषध चौपट केलं तरी आत पोचलं नाही. सर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही. परिषदेला आता मी. दीपमालाने अभिनंदन केलं. तिचा उतरलेला चेहरा बघून बरं वाटलं.

१९ जानेवारी
हातावरची जखम भरली, पण भोवतीची त्वचा टणक झालीय, पार कोपरापर्यंत. जखम ओली असताना एकदा बशीतलं पाणी हातमोज्यात सांडलं होतं. त्याने काय होणार? दीपमालाने हात चाचपला आणि तिच्या बोलीत म्हणाली, "हाऊ हात इतला कडक कसा व्हयना? आते दवाखानामा चाल."
जळते माझ्यावर.

२५ जानेवारी
अक्कांनी ओढतच दवाखान्यात नेलं. नर्सने दंडात टोचलेली सुई वाकली. दुसरीही वाकली. डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी सरकतंय, खांद्याकडे—

२७ जानेवारी
डोळे पिवळे. पाठीत कळ. दवाखान्यातून निघून प्रयोगशाळेत आले, बशी पाहिली. माझ्या पेशी रांगेने पुढे, कॅन्सरपेशी त्यांच्या मागे. वाट करून देतायत. तशीच रांग काखेपाशी, कातडीखाली—

२८ जानेवारी
हातावरच्या व्रणावरून दीपमालाने ओळखलं, बशीतल्या पेशी माझ्याच; सरांना सगळं सांगितलं. बशा जाळणार म्हणे. तिला काय हक्क? ते माझ्यावर जगतंय. तिच्यावर नाही.

२९ जानेवारी
प्रयोगशाळेला आतून कडी लावली. बशी मांडीवर. दीपमाला दार ठोठावतेय. डॉक्टर आलेत, नवं औषध आणलंय, म्हणते. खोटं. तिला बशी हवीय.
उजवा हातही आता वळेना— कडी काढायची म्हटली तरी—
नकोच. आत कुणालाच