उपवासाचे बटाटे

रेवदंडा,
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप ताई,

गोदूचा नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? तू अजून त्यांना रोज बल्लाळेश्वरापर्यंत चालवत नेत असशील तर जरा दमाने घे. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

पत्र बघून तू हसशील, मोबाइल हातात असताना गोदूला हे काय सुचलं म्हणून. पण फोन केला की तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आरोही पाणी प्यायच्या निमित्ताने मागे येऊन उभी राहते. मग मी भावजींचा गुडघा विचारते आणि फोन ठेवते.

आधी बऱ्या बातम्या. तुझा भाचा कुलदीप कंपनीत कायम झाला. यांनी पडवीला नवे पत्रे घातले, त्यामुळे दुपारी पडवीत बसलं की माणूस शिजतो, पण तसं बोलायची सोय नाही. आणि तुझ्या भाचीने, आरोहीने, साऱ्या घराला भाजलेल्या बटाट्याचं वेड लावलं आहे.

मोबाइलवर बघून शिकली. तिकडे परदेशात म्हणे अख्खा बटाटा भट्टीत भाजतात आणि त्याचं पोट फाडून त्यात जेवणच्या जेवण भरतात. आपल्याकडे कुठली भट्टी? पण शेतात मडकं उलटं घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावणाऱ्यांना बटाटा भाजायला कोणी शिकवायचं? तिने जाड बुडाच्या पातेल्यात खडेमीठ पसरलं, बटाट्यांना काट्याने टोचलं, तेलाचा हात फिरवला, वर झाकण आणि झाकणावर खलबत्ता. मंद गॅसवर तासभर. साल कडक होते आणि आतला गर भुसभुशीत. मग वरून सुरीने फुली मारायची आणि दोन्ही बाजूंनी दाबायचं की तो उघडतो. आत लोण्याचा गोळा. त्यावर तिच्या बाबांना लसणीवर परतलेला जवळा, कुलदीपला खिमा आणि चीज, मला वालाचं बिरडं. उपवास असेल तर तूप-जिरं, दाण्याची घट्ट आमटी, दही आणि ओलं खोबरं. एक बटाटा खाल्ला की रात्रीपर्यंत भूक नाही. यांचा पट्टा पुढच्या भोकात गेला, मला ब्लाउज उसवून घ्यावे लागले. दारातलं कुत्रंसुद्धा गुबगुबीत झालं.

खाताना ती समोर बसते. कोणी किती खाल्लं ते बघते. कुलदीपने साल टाकली तर रागावते.

ती स्वतः उपवासाची असते.

ताई, मागल्या उन्हाळ्यात तू आणलेल्या त्या स्थळाचा निरोप आठवतो? मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा जास्तच. तू तो आमच्या ओटीवर हसत हसत सांगितलास, आणि मी तुझ्याहून मोठ्याने हसले. आरोही चहाचे कप गोळा करत होती. तिने बशा एकावर एक रचल्या आणि आत गेली. तुला बोल लावायला हे लिहीत नाही. मला दुसरं कुठलं सुरुवातीचं टोक सापडत नाही, एवढंच.

श्रावणात तिने सोळा सोमवार धरले. मग चतुर्थी. मग गुरुवार, मग मारुतीचा शनिवार. आपल्या घरात देवाचं करणाऱ्या पोरीला कोण अडवणार? शेजारची रखमाकाकू तर भर अंगणात म्हणाली, "गोदू, तुझ्या पोटी पोर न्हाय, देवी आली हाय." माझी मान ताठ झाली. मीच तुला फोन करून सांगितलं होतं, तूही देवळात चार बायकांना सांगितलंस. आणि उपवासाची काळजी ती काय करायची? एकादशी अन् दुप्पट खाशी, आपलं तर असंच चालतं. दही आहे, तूप आहे, बटाटा आहे. तिचा बटाटा ती मागीलदारी पायरीवर बसून खायची. ताटलीत नुसती साल परत यायची, आत चमच्याने खरवडलेली. मी म्हणायचे, वा, पोरीने पोटभर खाल्लं.

कुत्रं का गुबगुबीत झालं ते मला दिवाळीत कळलं.

बटाटा त्याच्यासमोर काढून ठेवत होती, गर सगळा, तुपासकट. मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि बोटं ओढणीला पुसली. त्याच आठवड्यात ती अलिबागच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कंगव्यात केसांचा पुंजका येतो, पाळी श्रावणापासूनच बंद आहे, दुपारच्या उन्हात तिला स्वेटर लागतो. बाईंनी विचारलं, घरात काय खाते? मी म्हटलं, तिला उपवास असतो. बाई म्हणाल्या, "रोज?" आणि ताई, मी तिथल्या स्टुलावर बसून पहिल्यांदा वार मोजले. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, मनाचा आणि शरीराचा, हिच्या हृदयाचे ठोके मंद झालेत, मुंबईला न्या, उशीर करू नका. हे घरी आल्यावर म्हणाले, "न खायाला कुठं दवाखाना असतो काय? भूक लागंल तवा खाईल." तेव्हापासून ते तिच्याकडे सरळ बघत नाहीत.

मी बाईंचं ऐकायचं सोडून माझं डोकं चालवलं. देवाचं नाव घेऊन धरलेलं देवाचं नाव घेऊनच सुटेल. सोळा सोमवार पुरे होत आले होते, थाटात उद्यापन करू, मग तिला खावंच लागेल. ब्राह्मण बोलावला, वाडीतल्या बायका बोलावल्या. सगळ्या बायकांचे बटाटे आरोहीने एकटीने भाजले, उभी राहून, भिंतीला टेकत. बायकांनी बोटं चाटली. मग मी तिचं पान मांडलं आणि माझ्या हाताने वरण-भात कालवून तिच्या तोंडाशी नेला. तिने घास घेतला. चावला, गिळला. सगळ्यांसमोर मी रडले. त्या दिवशी माझ्याएवढं सुखी माणूस वाडीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पोहे दिले तर बशी तशीच सरकवली.

मी म्हटलं, "आता कसला उपवास? उद्यापन झालं ना?"

"सोमवारचं झालं, आई. बाकीचे वार आहेत की."

तू त्या पेणच्या स्थळाचं सांगितलंस, त्यांना दिवाळीतला फोटो आवडला, मुलगी शेलाटी आहे म्हणाले, बघायला यायचं म्हणतात. त्यांना नको म्हणून कळव. कारण विचारलं तर मुलगी आजारी आहे असं सरळ सांग. लपवू नकोस, मी लपवून बघितलं आहे. शेलाटी नाही गं ती. ती चालली आहे. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या स्वयंपाकघरात, रोज सगळ्यांना जेवायला घालून ती चालली आहे.

काल संकष्टी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी एक चतुर्थी सोडलेली नाही, दोन्ही बाळंतपणांतसुद्धा नाही. काल दुपारी मी बांगड्याचं कालवण केलं, ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून पहिला घास खाल्ला. म्हटलं, आईने मोडला तर तिलाही मोडता येईल. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे. तिला म्हटलं, "बघ, काही होत नाही. ये, माझ्या ताटात जेव."

ती माझ्याजवळ आली, बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला वजनच नव्हतं. म्हणाली, "राहू दे, आई. तुझा मोडला ना? आजपासून तुझा मी धरते."

घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

आता माझ्याकडे काही उरलं नाही, ताई. देवाला काय सांगू ते कळत नाही आणि पोरीला काय सांगू तेही कळत नाही. कुलदीपने येत्या शुक्रवारी गाडी सांगितली आहे, बाईंनी लिहून दिलेल्या मुंबईच्या दवाखान्यात न्यायला. ती येणार नाही म्हणते. यांच्याने होणार नाही, आणि तिच्या अंगाला हात लावायला कुलदीप घाबरतो. गेल्यावर ती वाचेल, असं त्या बाईंनीही मला तोंडावर सांगितलेलं नाही.

तू गुरुवारीच ये. आपण दोघी बहिणी कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, आईने तसं शिकवलं नाही. या खेपेला डबा आणू नकोस, पेढे नकोत, देवळातला प्रसादही नको. दोन्ही हात मोकळे ठेवून ये. तिला उचलावं लागेल.

तुझी,
गोदू