वेंडेलच्या नावाने गेलेली बंदूक

मी, लुएला मार्गारेट ट्रेक्सलर, वय वर्षे सत्त्याहत्तर, अविवाहित, मापनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार हेम्लॉक रन, पेनसिल्व्हेनिया, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात कापतो. किती कापतो ते मी मोजले आहे, आणि सहीला त्याने बाध येत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी हिंमत असलेले कोणी आता या गावात उरलेले नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझा धाकटा भाऊ वेंडेल याच्या वाट्याला काही नव्हते, आणि त्याचे कारण एका ओळीत दिले होते: ‘त्याला ठाऊक आहे.’ माझे वकील मॉरिस गेलबाख यांच्या मते एवढ्यावर न्यायालयात भांडण उभे राहू शकते. “डॉक्टर, एक तर कारण नीट लिहा,” ते म्हणाले, “नाही तर त्याला काहीतरी द्या.” कारण मी नीट लिहीत आहे. द्यायचे की नाही ते लिहिता लिहिता ठरेल.

कलम १. राहते घर, आतील सामानासह, माझी भाची कोरिन हिला मिळावे. ती वेंडेलची मुलगी आहे, परंतु हा तिचा दोष नाही. ओकच्या जिन्याला तिने रंग लावू नये. तळघरातील तांब्याची कढई केवळ सफरचंद आटवण्यासाठी आहे. तीत फुलझाडे लावलेली मी दोन घरांत पाहिली आहेत आणि त्या दोन्ही घरांत मी पुन्हा गेलेली नाही.

कलम २. लेथ, मायक्रोमीटर आणि पोलादी मापठोकळ्यांचा संच येथील तंत्रशाळेला द्यावा. ज्या विद्यापीठात मी एकतीस वर्षे शिकवले त्याला यातील एक स्क्रूही जाऊ नये. तेथील मापन-प्रयोगशाळा मी रिकाम्या खोलीतून उभी केली आणि तिला नाव दिले गेले एका सिमेंटवाल्याचे. दारावरची पाटीही वाकडी बसवली आहे. हे मी लेखी कळवले होते. उत्तरादाखल शुभेच्छापत्र आले. मापठोकळ्यांना उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांचा घाम पोलादाला खातो, हे मी हजारभर विद्यार्थ्यांना सांगितले आणि त्यांतील फार तर चाळीसांना समजले.

कलम ३. बँकेतील शिल्लक गावच्या ग्रंथालयाला, पुस्तकांसाठी. गालिच्यासाठी नव्हे.

कलम ४. रायफल. ही मी कोणालाही देत नाही, कारण कागदोपत्री ती माझी नाही. हे असे का, ते पुढीलप्रमाणे.

माझ्या बाराव्या वर्षी वडिलांनी मला त्यांची रायफल दिली. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता माझ्या हाताला लांब पडत होता, म्हणून त्यांनी तो मागून करवतीने कापला आणि कापलेला तुकडा कपाटात जपून ठेवला. सोळाव्या वर्षी माझा हात वाढला तेव्हा तोच तुकडा दोन पितळी खुंट्या ठोकून त्यांनी परत जोडला. वडील लेथवर काम करणारे होते, सुतार नव्हते. सांधा दिसत असे. त्या सांध्यावर गाल टेकवून मी पंचावन्न हंगाम हरणे टिपली.

२०१८च्या हंगामात रिकामे काडतूस बाहेर ओढणारी आकडी मोडली. तेवढ्या जुन्या बनावटीची आकडी हाताने घडवू शकेल असा कारागीर मिझुरीत होता, हार्लन प्रुइट नावाचा. शोधायला मला दहा महिने लागले. रायफल पार्सलने पाठवण्याची तयारी झाली आणि नेमके माझे खुब्याचे हाड मोडले. म्हणून पाठवणी वेंडेलकडे आली. मी रुग्णालयातील खाटेवरून सूचना दिल्या: काडतूस आत सरकवणारा बोल्ट वेगळा काढून गुंडाळायचा, नळीचे तोंड बंद करायचे, आत काय आहे ते पेटीवर कोठेही लिहायचे नाही. कारागिरासाठी चार पानी पत्र दिले. पहिल्या ओळीत होते, आकडी बदलावी. दुसऱ्या ओळीत, अन्य कशालाही हात लावू नये. उरलेली पाने दुसऱ्या ओळीचे स्पष्टीकरण होती.

ते पत्र वेंडेलने पेटीत घातलेच नाही. प्रुइटच्या दुकानाचा छापील फॉर्म घातला आणि त्यावर ‘संपूर्ण नूतनीकरण’ या चौकोनात खूण केली. मी बरी होऊन घरी येईपर्यंत रायफल नव्यासारखी करून मला चकित करायचे, असा त्याचा बेत होता. मला चकित होणे आवडत नाही, हे त्याला सत्तर वर्षांत कळले नाही.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात टर्की कापता कापता कोरिनच्या तोंडून ते निसटले. “आत्या, तुझी बंदूक आली की बघच! बाबांनी काय काय करायला सांगितलंय!” वेंडेल तेव्हा तेथे नव्हता. हंगाम शनिवारी सुरू व्हायचा होता, आणि तो त्या सकाळीच डोंगरातल्या शिकारीच्या झोपडीकडे निघून गेला होता. तेथे फोन लागत नाही.

सोमवारी दुकान उघडताच मी प्रुइटला फोन केला. संभाषण मी त्याच वेळी लिहून ठेवले होते. ते शब्दशः देते.

“अजून हात लावला नाही, बाई. उद्या घेणार आहे.”

“घेऊ नका. ती रायफल माझी आहे. फक्त आकडी बदला.”

“नाव काय म्हणालात?”

मी सांगितले. पाने उलटल्याचा आवाज आला.

“माझ्या वहीत वेंडेल ट्रेक्सलर आहे. पाठवणारा तोच, फॉर्मवर मालक तोच. कायद्याने ती ज्याच्याकडून आली त्यालाच परत जाणार, आणि काम तो सांगेल तेच होणार.”

“मी त्याची थोरली बहीण आहे.”

“बाई, हंगामात मला रोज कुणाची तरी बहीण फोन करते. कुणाची बायको करते. विकून टाका म्हणतात, नळी कापा म्हणतात. त्याला सांगा फोन करायला. त्याचा शब्द आला की मी थांबतो.”

या माणसाचा मला अतिशय राग आला आणि आजही आहे. मात्र नोंदवही अशीच ठेवायची असते, हेही मला लिहिले पाहिजे.

मंगळवारी मी कोरिनला गाडी घेऊन डोंगरात पाठवले. ती दोन तास बर्फातून गेली, बापाला भेटली, आणि निरोप घेऊन आली. निरोप असा होता: “लूला सांग, गप पडून राहा. ती आधी नाहीच म्हणते. बघितलं की खूश होईल.” आणि तो हसला. कोरिनने हे मला सांगायला नको होते, परंतु तिला मी खरे बोलायला शिकवले आहे.

नाताळच्या आधी वेंडेल पेटी घेऊन आला. तिला लाल फीत बांधलेली होती.

“बघ तरी, लू! दुकानातून आत्ता आणल्यासारखी!”

नळीला निळे-काळे पाणी चढवले होते. वडिलांच्या मुठीने झिजलेले पोलाद घासून सपाट केले होते. नवा अक्रोडी दस्ता आरशासारखा चकाकत होता. काम, मला सांगायला लाज वाटते, निर्दोष होते.

“दस्ता कुठे आहे?”

“हा काय.”

“माझा दस्ता, वेंडेल.”

“अगं, तो दोन तुकड्यांचा होता. कुणा अडाण्याने जोडलाय, बार उडाला की एखाद दिवशी सुटेल, म्हणाला तो. टाकला त्याने शेगडीत.”

“त्या अडाण्याने तुला वाढवलं,” मी म्हणाले, आणि त्याला पेटीसह दाराबाहेर काढले.

तेव्हापासून दर नाताळला तो ती पेटी माझ्या पायरीवर ठेवतो आणि दर नाताळला मी ती पार्सलने त्याच्या घरच्या पत्त्यावर परत पाठवण्याचा प्रयत्न करते. आत बंदूक आहे म्हटल्यावर टपालकचेरीतला कारकून ती घेत नाही, म्हणून कोरिन नेऊन देते. आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नाही.

येथपर्यंत लिहिलेले गेलबाख यांना वाचायला दिले. ते म्हणाले, “एवढं पुरे. याच्यावर कुठलाही न्यायाधीश तुमच्या बाजूने उभा राहील.” मी कागद परत घेतला. जिच्यात एक आकडा लपवला आहे अशी मोजणी मी कोणत्याही विद्यार्थ्याची स्वीकारली नाही.

कलम ५. लपवलेला आकडा.

दुकानाचा फॉर्म घेऊन वेंडेल प्रथम रुग्णालयात माझ्याकडेच आला होता. खोलीत आणखी कोणी नव्हते.

“इथे खाली सही कर, लू. मालक म्हणून.”

मी कागद पाहिला. पंचावन्न हंगामांची रायफल, आणि तिची स्थिती सांगण्यासाठी तीन चौकोन: उत्तम, बरी, वाईट.

“असल्या चिठोऱ्यावर मी माझं नाव घालत नाही. तू घाल तुझं.”

“मग ते मला मालक समजतील.”

“समजू देत,” मी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केले.

मी सही केली असती तर सोमवारच्या माझ्या एका फोनवर प्रुइट थांबला असता. दस्ता वेंडेलच्या खुळेपणामुळे जळला आणि माझ्या ताठ्यामुळे जळला. कोणाचा वाटा किती, ते मोजण्याचे साधन मजजवळ नाही.

हे वेंडेलला ठाऊक होते. त्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सर्व नातेवाइकांसमोर, कोरिनने त्याला विचारले होते, “बाबा, तुम्ही आत्याचं नाव फॉर्मवर का नाही घातलं? चोरी करायची होती का?” मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी बटाटे वाढून घेत होते. तो म्हणाला, “विसरलो गं.” त्याची मुलगी त्यानंतर वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही, आणि तो ‘विसरलो’ यापलीकडे आजतागायत एक शब्द बोललेला नाही.

सबब: डोंगरावरील माझ्या मालकीचे संपूर्ण जंगल आणि त्यातील शिकारीची झोपडी माझा भाऊ वेंडेल एमरी ट्रेक्सलर याला, कोणतीही अट न घालता, मिळावी. रायफल प्रुइटच्या वहीत त्याची आहे, ती तशीच राहावी. त्याने ती यापुढे पायरीवर आणून ठेवू नये. पायरी आता कोरिनची आहे. दस्ता जाळू दिल्याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही.

हे कलम गेलबाख यांनी वेंडेल व कोरिन या दोघांना समोरासमोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. प्रत टपालाने पाठवू नये. मी स्वतः हे त्याला सांगावे असे गेलबाख यांनी सुचवले. मी तीन वेळा त्याच्या घरापर्यंत गाडी नेली आहे. तिन्ही वेळा अंगणात त्याची गाडी होती, खिडकीत दिवा होता, आणि मी वळून परत आले. म्हणून हे वाचले जाईल तेव्हा मी तेथे नसेन याची व्यवस्था या दस्तऐवजाने केली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः तपासला. खाडाखोड नाही.

(सही) लुएला एम. ट्रेक्सलर

आम्ही खाली सह्या करणारे असे सांगतो की डॉ. ट्रेक्सलर यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सही केली, आणि या कागदातून आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही.

(सही) आयव्ही स्टोल्ट्झ, निवृत्त ग्रंथपाल
(सही) रोलंड बिटनर, दंतवैद्य

हेम्लॉक रन, पेनसिल्व्हेनिया
दिनांक १४ मार्च २०२३