अकरा नंबरचे दोन फ्री थ्रो

परळ,
१८ जानेवारी २०२६

प्रिय उन्मेष,

तू आणि काकू बरे असाल. काकूंचा गुडघा आता कसा आहे? मी ठीक. कॉलेजच्या लायब्ररीत तेच काम, सुट्टीला बास्केटबॉल मॅचेसचं स्कोअरिंगचं टेबल. काल दादरला मुलींची फायनल झाली. नवा रेफरी चांगला आहे, पण स्कोअरशीटवर सही केली की सरळ निघून जातो. मी प्रभादेवीपर्यंत एकटीच चालत आले. तू असतास तर वाटभर एकेका फाउलवरून भांडला असतास.

तुझं नाव रेफरींच्या यादीतून काढलं, त्याला चार महिने झाले. त्या सेमीफायनलबद्दल आपण कधी बोललोच नाही. फाउल झाला चार नंबरच्या मुलीवर, म्हणजे फ्री थ्रो तिनेच मारायचे, आणि मारले तिच्याच संघातल्या अकरा नंबरने. दोन्ही आत गेले. त्यांचा संघ एका गुणाने जिंकला. चौकशीत मी सांगितलं, "गडबडीत लक्षात आलं नाही." तू म्हणालास, "रेफरी मी होतो. चूक माझी."

लक्षात आलं होतं, उन्मेष.

स्कोअरशीटवर मीच चार लिहिलं होतं आणि समोर अकरा नंबर उभी होती. थोड्या वेळाने बॉल बाहेर गेला, खेळ थांबला. टेबलाने हॉर्न वाजवायचा तो तेव्हाच. बॉल पुन्हा खेळात आला की ती चूक दुरुस्त करता येत नाही. तू बॉल शर्टाला पुसत सावकाश चालत गेलास. माझं बोट बटणावर होतं.

त्याच मॅचमध्ये त्याआधी एकदा मी हॉर्न वाजवला, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अनुजाबाई, तुम्ही लिहिण्याचं बघा, मॅच मी बघतो." टेबलावरचे हसले. एरवी तू मला 'अने' म्हणतोस. मला वाटलं, बघ मग. बटण दाबलंच नाही.

एवढंच. हे डायरीत चारदा लिहून पाहिलं. दरवेळी मी होते त्यापेक्षा जरा बरी दिसायला लागते, म्हणून पानं फाडली.

मंगळवारी चौकशी समितीच्या हेरंब सरांकडे गेले.

"आता कशाला उकरून काढताय, मॅडम? निकाल काही बदलणार नाही."

"निकालासाठी नाही आले, सर. उन्मेषसाठी आलेय."

"मग लेखी द्या. तुमचंही नाव जाईल हां, सांगून ठेवतो."

उद्या देते आहे. नक्कल सोबत जोडली आहे. आधी तुला विचारणार होते. पण तू 'जाऊ दे गं' म्हणशील आणि मला नेमकं तेच ऐकायचं असेल, म्हणून विचारत नाही.

तुला परत बोलावतील. जा. रुसून बसू नकोस. मी टेबलावर नसेन, बघायलाही येणार नाही.

तुझी मैत्रीण असं आज लिहवत नाही,
अनुजा